विद्यापीठात तलवारबाजीचा क्लब उभा करताना : प्रशिक्षक, हॉल आणि तीन वर्षांचा हिशेब

कबड्डी, खो-खो किंवा क्रिकेटच्या निवड चाचणीला येणारी मुलं शाळेपासून खेळत आलेली असतात. तलवारबाजीचं तसं नाही. पहिल्या वर्षाला नाव द्यायला येणाऱ्या बहुतेकांनी मास्क कधी हातात घेतलेला नसतो. त्यात विद्यार्थी आपल्याकडे असतो तीन वर्षं, नव्या अभ्यासक्रमात फार तर चार. पहिलं वर्ष शिकण्यात जातं, दुसऱ्यात तो स्पर्धा खेळण्याजोगा होतो आणि तिसऱ्यात प्लेसमेंट नाहीतर स्पर्धा परीक्षा त्याला ओढून नेते. म्हणजे हातात खरी वर्षं दीडच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दीड वर्षाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. शाळकरी मुलांची अकादमी काढायची असेल तर यातले बरेच सल्ले वेगळे असते.

पहिली पायरी : आधी प्रशिक्षक, मग खरेदी

जिमखान्याला निधी मंजूर झाला की पहिली घाई सामान घेण्याची होते. आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो, तीन कोटेशन येतात, सगळ्यात स्वस्त पुरवठादाराकडून तिन्ही प्रकारच्या तलवारी येऊन पडतात, आणि मग ते शिकवणार कोण याचा शोध सुरू होतो. हा क्रम उलटा करा. कुठलं शस्त्र शिकवायचं, कुठल्या मापाचे मास्क घ्यायचे, वार नोंदवून दिवा लावणारं इलेक्ट्रिक मशीन पहिल्या वर्षी घ्यायचं की नाही, हे शिकवणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं.

महाराष्ट्रात प्रशिक्षक शोधायला सुरुवात करण्याजोग्या दोन-तीन जागा आहेत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे साईचं, केंद्र आहे आणि तिथे तलवारबाजी शिकवली जाते. त्या परिसरात खेळून मोठे झालेले, आता नोकरीधंद्याला लागलेले खेळाडू राज्यभर सापडतात. जिल्हा आणि राज्य संघटनांकडे पात्र प्रशिक्षकांची माहिती असते. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असलेला, आपल्या बोलीत ‘एनआयएस केलेला’, माणूस मिळाला तर उत्तमच. पण पदविका नसलेला आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला, शिकवायची खरी हौस असलेला तरुणही चालतो. नियुक्तीच्या नियमात तो कसा बसवायचा हे शारीरिक शिक्षण संचालकांशी बोलून ठरवता येतं.

मुलाखतीत प्रश्न विचारत बसण्यापेक्षा त्याला दोन नवख्या मुलांना पंधरा मिनिटं शिकवायला सांगा आणि शांतपणे बघा. तो मुलांच्या हातात तलवार किती लवकर देतो? मास्कशिवाय पातं कुणाकडे रोखू देतो का? मुलगी समोर असेल तर तिची ढब दुरुस्त करण्यापूर्वी विचारतो का? सगळं लक्ष चटपटीत मुलाकडे देतो की अडखळणाऱ्याकडेही जातो? शेवटी एक बिघडलेली इलेक्ट्रिक तलवार समोर ठेवा. ज्याला ती उघडून टिप, म्हणजे टोकाचं बटण, साफ करता येते, तो प्रशिक्षक छोट्या क्लबला दुप्पट मोलाचा. पंचगिरी येत असेल तर आणखी बरं.

ठरलं की करार लेखी करा. आठवड्याचे दिवस, तास, स्पर्धांना सोबत जाण्याचे दिवस आणि त्याचा भत्ता, सगळं त्यात यावं. मानधन परीक्षेच्या महिन्यांतही द्यायचं आहे हे स्पष्ट लिहा. परीक्षा आणि दिवाळी मिळून दोन महिने पैसे थांबले की चांगला प्रशिक्षक एखाद्या खासगी शाळेत निघून जातो, आणि नंतर क्लब का बंद पडला यावर बैठका होतात. मुलींच्या सरावाला आणि प्रवासाला महिला व्यवस्थापक हवीच. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचे क्रमांक हॉलमध्ये लावा. हे काम कागदोपत्री वाटतं, पण पालक मुलीला पाठवायचं की नाही ते यावरच ठरवतात.

दुसरी पायरी : एकच शस्त्र निवडा

खेळात तीन शस्त्रं आहेत. फॉईलमध्ये फक्त धडावर टोकाने केलेला वार मोजला जातो. सेबरमध्ये कमरेच्या वरच्या भागावर टोकाबरोबर पात्याच्या धारेनेही वार चालतो. एपीत डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं शरीर लक्ष्य असतं, मात्र वार टोकानेच. फॉईल आणि सेबरला ‘राइट ऑफ वे’ लागू आहे : दोघांनी एकदम वार केला तर आक्रमण आधी कुणी सुरू केलं हे रेफरी ठरवतो आणि गुण एकालाच देतो. एपीत ही भानगडच नाही. जो आधी लावेल त्याचा गुण; सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचे वार लागले तर दोघांनाही.

माझं मत एपीच्या बाजूने आहे. राइट ऑफ वे डोळ्यांत बसायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि आपला सगळा कारभारच दीड वर्षाचा आहे. एपीत नवखा मुलगा तिसऱ्या महिन्यात स्वतः बाऊट, म्हणजे लढत, खेळू शकतो आणि दुसऱ्याची चालवूही शकतो. खर्चही कमी : फॉईल आणि सेबरला अंगावर धातूच्या धाग्याचं लामे जॅकेट लागतं, सेबरला तर मास्कही विद्युतवाहक हवा, एपीला यातलं काही लागत नाही. अठराव्या वर्षी खेळायला लागलेल्या उंच, शांत डोक्याच्या मुलाला यश लवकर दिसतं तेही इथेच.

विरोधी बाजूही खरी आहे. अनेक प्रशिक्षक फॉईलपासूनच सुरुवात करतात, कारण त्यात शिस्त लागते. आणि भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर खेळल्यापासून मुली सेबरच मागतात. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली, आणि २०२३ मध्ये वूशीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवलं. तुमचा प्रशिक्षक सेबरचाच असेल तर हा वाद संपला, सेबर शिकवा. एपीच्या हौसेपायी सेबरच्या माणसाकडून एपी शिकवून घेण्यात काही अर्थ नाही. खालचे तपशील मी एपी धरून देतो आहे.

कोल्हापूर-साताऱ्याकडची काही मुलं मर्दानी खेळ खेळून येतात. मनगट तयार, पाय हलके, भीती अजिबात नाही. फक्त त्यांच्या हाताला गोल फिरवून मारायची सवय असते आणि एपीत तो वार शून्य. अशा मुलांना टोक सरळ धरायला शिकवताना प्रशिक्षकाचा घाम निघतो. त्यांना सेबर देता आलं तर ती लवकर फुलतात.

तिसरी पायरी : हॉल

पिस्ट, म्हणजे लढतीची पट्टी, १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब असतं, म्हणजे पिस्ट बेसलाइनच्या थोडी बाहेर जाते, आणि दोन्ही टोकांना मागे हटायला आणखी दीड-दोन मीटर मोकळी जागा हवी. एका कोर्टाच्या रुंदीत दोन पिस्ट नीट बसतात. तिसरी कोंबू नका. शेजारच्या लढतीतलं पातं पाठीमागून येतं.

जमिनीवर रंग मारायला बॅडमिंटनवाले परवानगी देणार नाहीत, म्हणून रंगीत चिकटपट्टी वापरा. मधोमध एक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना २ मीटरवर ऑन गार्डच्या, म्हणजे लढत सुरू करताना उभं राहायच्या, रेघा, आणि मागचे शेवटचे २ मीटर वेगळ्या रंगाने दाखवा, म्हणजे मागे हटणाऱ्याला जागा संपत आली हे पायाखाली कळतं. दोन्ही पाय मागच्या रेघेपलीकडे गेले की समोरच्याला गुण मिळतो.

लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअर असेल तर नशीब. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटवर रोज लंज, म्हणजे पुढचं पाऊल लांब टाकून घेतलेली झेप, मारली तर तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते आणि गळती सुरू होते. दुसरा पर्याय नसेल तर ज्यूदोच्या नव्हे, कडक रबरी मॅट मागा. मऊ मॅटवर घोटा मुरगळतो.

चौथी पायरी : सामान, आणि त्यात काटकसर कुठे करायची नाही

क्लबची पटसंख्या २४ धरली तर १२ संच पुरतात, कारण निम्मी मुलं खेळत असताना निम्मी पायांचा सराव करतात. एका संचात मास्क, जॅकेट, आतून घालायचं प्लॅस्ट्रॉन आणि ब्रीचेस, म्हणजे गुडघ्यापर्यंतची पँट, येतात. मुलींसाठी छातीचं संरक्षक कवच सक्तीचं आहे. ते, ग्लोव्ह आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे ज्याने त्याने स्वतःचे घ्यावेत, आरोग्यासाठी तेच बरं.

कपड्यावर त्याची ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. सरावाला ३५० न्यूटनचं जॅकेट आणि ८०० न्यूटनचं प्लॅस्ट्रॉन घ्या. प्लॅस्ट्रॉनच्या काखेत शिवण नसावी. ज्या हातात शस्त्र असतं त्याच्या विरुद्ध बाजूला जॅकेटची चेन असते, त्यामुळे डावखुऱ्यांसाठी वेगळी जॅकेटं लागतात. बारांत दोन डाव्या हाताची मागवाच. ऑर्डर देताना हे हमखास विसरलं जातं आणि डावखुरा मुलगा, जो या खेळात खरं तर हुकमाचा पत्ता, उलटं जॅकेट घालून खेळतो.

मास्कवर पैसे वाचवू नका. जाळीला खड्डा पडलेला, गंजलेला, गळ्याखालचं कापड उसवलेलं असा जुना मास्क कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. तपासणीसाठी १२ किलो दाबाचा स्प्रिंगचा पंच मिळतो, तो एक घेऊन ठेवा. डोक्याला मास्क बसतो की नाही हे मान जोरात हलवून बघायचं. हलला तर माप चुकलं. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं मोडलेलं पातं मास्क भेदून गेलं आणि सोव्हिएत संघाचा ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव दगावला. आजचे मास्कचे, कपड्यांचे आणि पात्याच्या पोलादाचे कडक नियम त्या अपघातानंतर आले. हा प्रसंग प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगावा. मुलं घाबरत नाहीत, मास्कची चेष्टा मात्र थांबते.

शस्त्रांत पहिल्या वर्षी वायर नसलेल्या १६ साध्या एपी आणि ६ इलेक्ट्रिक एपी, ६ बॉडी वायर (तलवारीपासून जॅकेटच्या आतून जाणारी वायर), एक स्कोअरिंग मशीन, दोन रील (खेळाडूला मशीनशी जोडणारी, आपोआप गुंडाळली जाणारी वायर) आणि त्यांच्या जोडवायरी एवढं पुरे. प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक टाका आणि तोच डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ सामानाच्या, रजिस्टरला चढवा. पाती मात्र झिजणारी आणि मोडणारी वस्तू आहेत. त्यांची नोंद कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत, करून घ्या. ती डेडस्टॉकला गेली तर मोडलेलं पातं टाकून देण्यासाठीही समिती बसते.

हॉलचे नियम मोजकेच ठेवा आणि ते मोडू देऊ नका. मास्क नसलेल्या माणसाकडे टोक करायचं नाही. चालताना टोक जमिनीकडे. ‘हॉल्ट’ कुणीही म्हणू शकतं आणि ऐकू आलं की सगळे थांबतात. पातं मोडलं की लढत त्याच क्षणी बंद. मोडक्या तुकड्याच्या टोकाला जाड टेप गुंडाळून तो वेगळ्या पाइपमध्ये ठेवायचा. हॉलच्या कचरापेटीत टाकला तर सफाई करणाऱ्या मावशींच्या हाताला लागतो.

पाचवी पायरी : पहिले आठ आठवडे

पहिल्या दोन आठवड्यांत तलवार नाहीच. मुलं कुरकुरतात, कुरकुरू द्या. ऑन गार्डमध्ये पुढचं पाऊल समोर, मागचं काटकोनात, दोन्ही टाचा एका रेषेत, गुडघे वाकलेले. पुढे जाताना पुढचं पाऊल आधी, मागे येताना मागचं. दोन पावलांतलं अंतर बदलू द्यायचं नाही. आरशासमोर उभं करा किंवा मोबाइलवर चित्रण करून लगेच दाखवा. स्वतःची ढब दिसली की अर्धं काम होतं. कंटाळा येऊ नये म्हणून जोड्यांचे खेळ घ्या : एकजण पुढे-मागे जातो, दुसऱ्याने त्याच्याशी अंतर तेवढंच ठेवायचं. किंवा एकाने ग्लोव्ह हवेत सोडायचा आणि दुसऱ्याने लंज मारून तो जमिनीवर पडायच्या आत धरायचा.

तिसऱ्या आठवड्यात लंज. आधी हात लांब, मग पुढचं पाऊल. हा क्रम चुकला तर पुढे आयुष्यभर चुकतो. मागचा पाय सरळ, टाच जमिनीला, पुढचा गुडघा बोटांच्या पुढे जायचा नाही. गुडघा आत वळत असेल तर त्या मुलाला लांब लंज मारूच देऊ नका, आधी मांड्यांचा व्यायाम द्या.

चौथ्या आठवड्यात शस्त्र हातात येतं. भिंतीवर बसवलेल्या उशीवर टोक लावायचं, पातं थोडं वर वाकलं पाहिजे. पाचव्या आणि सहाव्यात जोडीने : सिक्स आणि फोर या दोन पॅरी, म्हणजे वार अडवायच्या हालचाली, त्यानंतर रिपोस्ट, म्हणजे अडवल्यावरचा उलट वार, आणि एपीत सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे समोरच्याच्या मनगटावर वार. मुलं छातीकडे धावतात, कारण छाती मोठी दिसते. पण समोरच्याचा हात तुमच्या जवळ असतो, छाती लांब. हे प्रशिक्षकाने तोंडाने शंभरदा सांगून समजत नाही. दोनदा स्वतःच्या मनगटावर टोक बसलं की समजतं.

सातव्या आठवड्यापासून ५ टचच्या, म्हणजे ५ गुणांच्या, बाऊट. सुरुवातीला आणि शेवटी सलामी, शेवटी शस्त्र नसलेल्या हाताने हस्तांदोलन. सलामी टाळली तर स्पर्धेत कार्ड दाखवलं जातं, म्हणून सवय इथेच लावा. आठव्या आठवड्याच्या शेवटी क्लबमधल्या क्लबमध्ये एक छोटी स्पर्धा घ्या, वरच्या वर्गातल्या मुलांना रेफरी करा आणि पालकांना बोलवा.

सहावी पायरी : संध्याकाळचे दोन तास आणि ‘लेसन’

या खेळात प्रशिक्षकाचं खरं काम लेसनमध्ये असतं. जाड संरक्षक जॅकेट आणि मास्क घालून तो एका खेळाडूसमोर उभा राहतो, स्वतः शस्त्र घेऊन कधी हात उघडा टाकतो, कधी पात्याला दाब देतो, कधी न सांगता अंतर तोडतो, आणि समोरच्याने त्या क्षणी योग्य उत्तर द्यायचं असतं. गटाला शिकवून तंत्र येतं. कधी काय करायचं ते लेसनमध्ये येतं.

आता हिशेब करा. आठवड्यात तीन दिवस, रोज दोन तास. पहिला एक तास वॉर्मअप, पायांचा आणि जोडीचा सराव. दुसऱ्या तासात मुलं आपापसांत बाऊट खेळतात आणि सर एका कडेला पंधरा-पंधरा मिनिटांचे चार लेसन देतात. म्हणजे आठवड्याला बारा. पटावर २४ मुलं असतील तर प्रत्येकाला पंधरवड्यातून एकदा पाळी येते. चाळीस मुलं घेतली तर महिन्यातून एकदा, म्हणजे जवळपास नाहीच. पटसंख्येची मर्यादा इथून येते, हॉलच्या मापातून नव्हे. प्राचार्यांना मोठा आकडा आवडतो. त्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवा.

लेसनचा तक्ता भिंतीवर लावा. तो लावला नाही तर सर नकळत स्पर्धेच्या संघातल्या चौघांनाच वेळ देतात आणि नवखी मुलं दोन महिन्यांत गळतात. दुसऱ्या वर्षाच्या तयार मुलांनी नवख्यांना पायांचा सराव द्यावा, पण लेसन सरांनीच. आणि त्या दुसऱ्या तासात हॉलवर लक्ष ठेवायला कुणीतरी नेमलेलं हवं, कारण लेसन देणाऱ्या प्रशिक्षकाची पाठ बाकीच्यांकडे असते.

साधनं कमी आहेत म्हणून थांबायचं कारण नाही. भवानी देवीने २००४ मध्ये चेन्नईत शाळेत हा खेळ सुरू केला तेव्हा मुलं बांबूच्या काठ्यांवर सराव करत. पुढे केरळात थलश्शेरीच्या साई केंद्रात सागर लागू या प्रशिक्षकांकडे ती तयार झाली. मास्कला मात्र पर्याय नाही.

सातवी पायरी : दुरुस्तीचं टेबल

आपल्याकडे क्लब बंद पडतात ते बऱ्याचदा इथे. सहा इलेक्ट्रिक तलवारींपैकी चार कधीतरी बिघडतात, दुरुस्त करणारं कुणी नसतं, मग मशीन कपाटात जातं. म्हणून दर तुकडीतल्या दोघांना हे काम शिकवा. इंजिनीअरिंगच्या शाखेतली मुलं आनंदाने करतात.

एपीच्या टोकाला छोटं बटण असतं. ७५० ग्रॅमचं वजन त्यावर ठेवून दाबायचं आणि सोडायचं. स्प्रिंगने वजन वर उचललं आणि दिवा विझला तर ठीक. दिवा लागलेलाच राहिला तर स्प्रिंग सैल झाली. दीड मिलिमीटरची पट्टी बटण आणि नळीच्या फटीत जायला हवी. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी फटीत ठेवून बटण दाबलं तर दिवा लागता कामा नये. बॉडी वायरच्या तिन्ही तारा मल्टिमीटरवर तपासा. कुठल्याही तारेचा रोध १ ओहमच्या वर गेला तर प्लगच्या स्क्रूत गंज किंवा सैलपणा आहे. गार्डवर टोक लागून दिवा पेटत असेल तर गार्डच्या आतली जोडणी घासून साफ करा.

साध्या हॉलमध्ये जमिनीवर टोक टेकलं तरी दिवा लागतो, कारण धातूची पिस्ट नसते. पायावर वार झाला की जमिनीवर, हे रेफरीने बघून आणि विचारून ठरवायचं. यावर सरावात भांडणं होतात.

पावसाळ्यात मास्क आणि पाती गंजतात, कोकणात आणि मुंबईत तर आठवड्यात. ओल्या बॅगेत शस्त्र ठेवून घरी जायचं नाही. पातं कोरडं पुसून हलकं तेल, मास्क उघड्यावर पंख्याखाली. पेटीत बारीक स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, टिपचे जादा स्क्रू आणि स्प्रिंग, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप एवढं कायम असावं. टिपचा स्क्रू फरशीवर पडला तर सापडत नाही. खाली पांढरा कपडा अंथरूनच काम करा.

आठवी पायरी : स्पर्धा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही तलवारबाजी आहे. पात्रतेसाठी वय आणि बारावीनंतर गेलेली वर्षं मोजली जातात, तेव्हा कागद जुलैतच जमवून क्रीडा विभागाकडून तपासून घ्या.

वैयक्तिक प्रकारात आधी पूल असतो. सहा-सात जणांचा गट, प्रत्येकाशी ५ टचची, ३ मिनिटांची बाऊट. क्रमवारी आधी जिंकलेल्या बाऊटच्या प्रमाणावर आणि मग इंडिकेटरवर लागते, म्हणजे केलेले टच वजा खाल्लेले टच. समजा दोघांनीही पाचपैकी तीन बाऊट जिंकल्या. एकाने २१ टच केले आणि १७ खाल्ले, दुसऱ्याने १९ केले आणि २१ खाल्ले. पहिला अधिक ४, दुसरा उणे २, आणि पुढच्या बाद फेरीत दुसऱ्यासमोर तगडा प्रतिस्पर्धी येतो. म्हणून ०-४ ने मागे असलेल्या मुलाने हार मानून ०-५ करण्यापेक्षा दोन टच काढले तर त्याला किंमत आहे. नवख्या खेळाडूला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एपीत आणखी एक हिशेब शिकवून ठेवा. ४-३ ने पुढे असाल तर दोघांना एकदम लागलेला टचही तुम्हाला जिंकून देतो. ४-४ वर मात्र असा दुहेरी टच मोजत नाहीत, खेळ पुढे चालू राहतो. बाद फेरी १५ टचची, ३ मिनिटांचे तीन डाव, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्या एका मिनिटात प्रशिक्षकाने एकच गोष्ट सांगावी. तीन सांगितल्या तर खेळाडू एकही करत नाही.

सांघिक लढतीत तीन खेळाडू आणि एक राखीव. नऊ छोट्या बाऊट, टप्प्याटप्प्याने ४५ टचपर्यंत. सगळ्यात मोठा खेळाडू शेवटी ठेवावा असं वाटतं, पण शेवटी तो ठेवा ज्याचा हात दडपणाखाली थरथरत नाही. हे सराव सामन्यांतच दिसतं.

पिस्टवर जाताना चालू स्थितीतल्या दोन तलवारी आणि दोन बॉडी वायर लागतात. एकच असेल किंवा बिघडली तर पिवळं कार्ड. आणि वेळ पाळा. भवानी देवी आपल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन मिनिटं उशिरा पोहोचली आणि तिला काळं कार्ड मिळालं, म्हणजे स्पर्धेतून थेट बाहेर. एवढी मोठी खेळाडू झाल्यावरही ती हा किस्सा सांगते.

रेल्वेने जाताना तलवारी बंद बॅगेत, आणि प्रत्येक संघाबरोबर महाविद्यालयाच्या लेटरहेडवर खेळाडूंची नावं आणि सामानाची यादी असलेलं पत्र. स्थानकावर तपासणी झालीच तर पाच मिनिटांत सुटका होते. विमानात शस्त्रं चेक-इन सामानातच.

नववी पायरी : पुढच्या तुकडीकडे

तिसऱ्या वर्षाचा सचिव नेमू नका. त्याचं लक्ष फेब्रुवारीपासून बाहेर असतं. सचिव दुसऱ्या वर्षाचा आणि सहसचिव पहिल्या वर्षाचा, म्हणजे दरवर्षी सहसचिव आपोआप वर सरकतो. मार्चमध्ये परीक्षेआधी सामानाची मोजदाद, पुढच्या वर्षीची खरेदीची यादी आणि प्रशिक्षकाच्या मुदतवाढीचा अर्ज, तिन्ही एकाच दिवशी उरकायचे. अर्ज जूनवर ढकलला तर ऑगस्टपर्यंत मंजुरी येत नाही, आणि नवी मुलं तर ऑगस्टमध्येच येतात.

पहिल्या आठवड्यात कँटीनसमोर प्रात्यक्षिक ठेवा, मशीन आणि दिव्यांसकट. नाव नोंदवायचं रजिस्टर तिथेच टेबलावर, सोबत डावखुरा-उजवा असा एक रकाना. सामानाच्या कपाटाची एक किल्ली जिमखान्यात आणि दुसरी सचिवाकडे. सरांकडे नको, ते रजेवर असले की सराव बंद पडतो.